सुलोचनाबाईले उघड

"सुलोचनाबाईले उघड," असं म्हणतच भागरताकाकी माझ्या दुकानात शिरायची. चपला बाहेर पायरीपाशी काढलेल्या, डोक्यावरचा पदर सारखा केलेला, आणि रांगेत उभ्या असलेल्या माणसांकडे ढुंकूनही बघायचं नाही. दुकानात कोणी नवीन असलं की ते आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहायचं. कोण ही सुलोचनाबाई आणि तिला कुठं कोंडून ठेवलंय, असा प्रश्न त्याच्या तोंडावर दिसायचा. मी हातातलं काम आटोपून संगणकावर एक वेबसाइट उघडायचे. पडद्यावर एका तरुण बाईचा काळापांढरा फोटो यायचा. उंच, सडसडीत, कपाळावर मोठं कुंकू. काकी प्लॅस्टिकची खुर्ची ओढून समोर बसायची, फोटोकडे जरा वेळ बघायची आणि म्हणायची, "आहे. ठीक आहे. आता काही आलं असंल तं वाच."

सुलोचना ही काकीच्या नवऱ्याची पहिली बायको. काकीनं तिला जन्मात कधी पाहिलेलं नव्हतं.

अर्जुनी मोरगावात तहसील कचेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, धान विकायची नोंदणी. सकाळी शटर वर करते तेव्हा माणसं उभीच असतात आणि सर्व्हर बंद असतो. तो मीच बंद करून ठेवलाय अशा नजरेनं लोक माझ्याकडे बघतात. नवरा गोंदियाला राईस मिलमध्ये कामाला, शनिवारी येतो आणि सोमवारी सकाळच्या गाडीनं जातो. घरी सासरे अंथरुणाला खिळलेले. दुपारी शटर अर्धं ओढून घरी धावायचं, त्यांना भरवायचं, कूस बदलून द्यायची आणि पुन्हा येऊन खुर्चीत बसायचं. अशात काकी दारात दिसली की आणखी एक काम वाढलं, एवढंच पहिल्यांदा मनात यायचं.

"काकी, आज सर्व्हर नाही," मी म्हणायचे.

"अना मंग?" ती खुर्ची ओढत म्हणायची. "आपल्या साइटले सरकारी सर्व्हर नाही लागत. त्याईनं सांगतलं होतं."

'त्याईनं' म्हणजे तिच्या नवऱ्यानं, आणि ते खरंच होतं. 'अना मंग?', म्हणजे 'आणि मग?', हा तिचा कायमचा शब्द होता. पाऊस नाही, दिवे गेले, सून बोलत नाही, डॉक्टरनं गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं, काहीही सांगा, काकी आधी 'अना मंग?' म्हणायची. त्यात तिरस्कार नसायचा. पुढं काय करायचं ते सांगा, एवढाच त्याचा अर्थ असायचा.

ही वेबसाइट तिच्या नवऱ्याची, यादवरावकाकांची. काकांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, कालव्याच्या गेटवर गेली. निवृत्त झाल्यावर गळ्यात छोटा कॅमेरा अडकवून ते सायकलीवर तळी फिरायचे. आमच्याकडे तळ्यांना तोटा नाही. हिवाळ्यात दुरून बदकं येतात, त्यांच्यासाठी काका दिवसदिवस तळ्याच्या पाळीवर, बांधावर, बसून राहायचे. मुलगा विजय नागपूरला नोकरीला. त्यानं बापासाठी इंटरनेटवर नाव नोंदवून दिलं आणि मला फोन केला, "ताई, बाबांना जे टाकायचं असेल ते टाकून द्या. त्यांचा वेळ जाईल."

काकांनी आधी आईवडिलांचं पान करून घेतलं, मग पक्ष्यांचं. ती झटपट झाली. सुलोचनाचं पान मात्र हिवाळा संपून उन्हाळा आला तरी पुरं होईना. काका मजकूर लिहून आणायचे, माझ्या बाजूला बसून वाचून दाखवायचे आणि मी टाइप करून झालं की म्हणायचे, "हे काढ." दुसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी जे राहिलं ते साधंच होतं. सुलोचना स्वभावानं हसरी होती, ओव्या म्हणायची, विजय दोन वर्षांचा असताना अल्पशा आजाराने तिचं निधन झालं, तिनं स्वतः जागा दाखवून ठोकून घेतलेली स्वयंपाकघरातली फळी आजही जागच्या जागी आहे.

त्या दिवसांत एकदा काकी काकांना जेवायला बोलवायला दुकानात आली. पहिल्यांदाच. पडद्यावर सुलोचनाचा फोटो होता. काकी तो बघत उभी राहिली आणि काका एकदम कॅमेऱ्याचा पट्टा सारखा करायला लागले.

"फोटो चांगला आला," काकी म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "काय लिवलं आहे, वाच न."

मी वाचलं. फळीचं वाक्य आलं तशी ती म्हणाली, "जागच्या जागी आहे, म्हनूनच तं मी पाटावर चढून डबे काढून राहिली इतके वरसं. ती उंच होती. मी अशी." तिनं आपल्या डोक्यावर आडवा हात धरून दाखवला. "अना मी कुठं आहे याच्यात?"

काका खाली बघत म्हणाले, "अगं, इथे गेलेल्या माणसांचीच पानं असतात."

"असं काय. मंग थांबा जरासं," काकी म्हणाली. "चला, भात निवून राहिला."

दोघं गेली. मी बराच वेळ त्या दोघांच्या पाठी बघत राहिले. काका सायकल हातात धरून पुढे, काकी दोन पावलं मागे. काकी रागावलेली नव्हती. ती रागावलेली असती तर मला बरं वाटलं असतं.

विजय तीन वर्षांचाही नव्हता तेव्हा ती त्या घरात आली होती. तिला स्वतःचं मूल झालं नाही. विजयला तिनंच वाढवलं, तो तिलाच आई म्हणतो. पण घरात सुलोचनाची लुगडी, सुलोचनाच्या नावाची भांडी, तिनं लावलेलं सीताफळाचं झाड, आणि दरवर्षी पितृपक्षात तिचं पान वाढणं, हे सगळं काकीनंच सांभाळलं. सासू जिवंत होती तोवर 'सुलोचना असं नव्हती करत' हे तिनं रोज ऐकलं. हे मला तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी विचारलं होतं म्हणून सांगितलं, आणि सांगून झाल्यावर म्हणाली, "मेलेल्या मानसासंगं कोनी भांडते काय? ते तं काही बोलत नाही."

पुढच्या उन्हाळ्यात काकांना अर्धांगाचा झटका आला. काही दिवस दवाखान्यात, काही दिवस घरी, आणि गेले. तेराव्यानंतर विजय आईला नागपूरला न्यायला लागला. ती गेली नाही. आणि थोड्याच दिवसांत ती माझ्या दुकानात आली, चपला पायरीपाशी काढल्या आणि म्हणाली, "सुलोचनाबाईले उघड."

मला वाटलं, एकदा बघायचं असेल. पण ती आठवड्याला यायला लागली. मी एकदा विचारलं, "काकी, तुला कायले पाहिजे हे?"

"त्याईनं सांगतलं होतं. बोलनं गेलं त्याच्या आधी. म्हने, साइट बंद नको पडू देऊ." ती पडद्याकडे बघत होती. "दुसरं काही सांगतलं नाही."

इतक्या वर्षांचा संसार, आणि शेवटचं बोलणं हे. काकीनंच विषय बदलला. "नवं काही आलं काय बदकाहीच्या पानावर?"

पक्ष्यांच्या पानाखाली लोक काहीबाही लिहीत. कुठल्या कुठल्या गावांतून, शहरांतून विचारणा येत. काका उत्तरं द्यायचे. आता ती जबाबदारी काकीवर आली. कोणी विचारलं, यंदा अमुक बदक आलं का, तर काकी दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर काठी टेकत तळ्यावर जाऊन बघून यायची आणि मला सांगायची, "लिव त्याले. दोन-चार दिसले. कोनते ते मले नाही समजत. ते असते तं सांगतले असते. तरा अर्धा गाळानं भरला, बेशरमची झुडपं वाढली. पाखरू बसंल कुठं." मी ते जरा नीट करून लिहायला गेले तर तिला वाचून दाखवावं लागे, आणि ती म्हणे, "असं नाही म्हनलं मी." मग जसंच्या तसं टाकायचे. गंमत म्हणजे लोकांना ते आवडायला लागलं. काकांची उत्तरं सरकारी अहवालासारखी असत. काकीची उत्तरं वाचायला लोक मुद्दाम प्रश्न विचारत असावेत, असा मला संशय आहे.

नाटकाचं पान त्यातूनच निघालं. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगावी नाटकं सुरू होतात. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या निमित्तानं, मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या निमित्तानं, मोठाले मंडप पडतात आणि सगळं गाव पाहुण्यांनी भरून जातं. काकीला नाटकाचं वेड होतं, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. शेजारच्या बायांबरोबर टेम्पोत बसून ती लांबलांबच्या गावी जायची. काका कधी आले नाहीत. त्यांना तो गोंगाट वाटायचा. एकदा ती दुकानात बसल्या बसल्या मला एका नाटकाची गोष्ट सांगू लागली. त्यात एक सून भर कोर्टात सासऱ्याच्या बाजूनं उभी राहते आणि नवऱ्याला खोटं पाडते. काकीनं ते असं सांगितलं की रांगेतली माणसं आपला अर्ज विसरून ऐकत राहिली. एक म्हातारा तर म्हणाला, "मंग सासऱ्यानं काय केलं?"

मी म्हटलं, "काकी, हे आपण साइटवर टाकू. तुझं पान. तू पाहिलेली नाटकं."

"माहा फोटो नको टाकू. मी जिती आहे."

"फोटो नाही टाकत. नुसतं लिहू."

ती म्हणाली, "अना मंग? टाक."

त्या हिवाळ्यात ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. कोणत्या गावच्या मंडपात कनात फाटून वारा शिरला, कोणती नटी रडताना खरंच रडत होती, कोणता खलनायक दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर भेटला आणि बायांनी त्याला चहा घेऊ दिला नाही. वाचणारे वाढले. मुंबई-पुण्याकडे कामाला गेलेली आमच्याकडची पोरं लिहायची, काकी, आमच्या गावचं नाटक पाहिलं का तुम्ही. एक दिवस मी तिला सांगितलं की आता पक्ष्यांपेक्षा नाटकाच्या पानावर लोक जास्त येतात. पायरीवर चपला घालताना ती पाठमोरीच म्हणाली, "त्याईले सांगाले पाहिजे होतं."

मग पावसाळ्याच्या तोंडावर सुलोचनाच्या पानावर एक निरोप आला. त्या पानावर कधीच कोणी काही लिहीत नसे. लिहिणारीचं नाव निर्मला, राहणार दुर्ग. नातवानं मोबाइलवर दाखवलं, ही माझी मोठी बहीण आहे, आम्हाला तिचा शेवट कसा झाला ते कधी कोणी धड सांगितलं नाही, कोणी भेटेल का. हिंदीत लिहिलेलं होतं. मी मराठी करून काकीला वाचून दाखवलं.

काकीनं पुन्हा वाचायला सांगितलं. मग म्हणाली, "लिव, ये म्हनून."

"विजयला आधी विचारायचं का?"

"घर माहं आहे. ये म्हनून लिव."

सुलोचना गेल्यावर तिच्या माहेरानं या घराशी संबंध तोडले होते, एवढं मला ठाऊक होतं. का, ते ठाऊक नव्हतं. निर्मलाबाई आल्या त्या दिवशी काकीनं मला दुपारी घरी बोलावून घेतलं. "ती हिंदी बोलंल अना मले समजनार नाही," हे कारण सांगितलं. सासऱ्यांना भरवून मी तशीच गेले. काकीनं वरणभात, भाजी, तळलेली मासोळी असा सगळा स्वयंपाक केला होता. निर्मलाबाई काकीच्याच वयाच्या, केस पांढरे, हातात रुमाल. बहिणीसारख्याच उंच. घरात शिरल्यावर त्या आधी स्वयंपाकघरात गेल्या आणि फळीला हात लावून उभ्या राहिल्या. त्यांनी साइटवर वाचलं होतं. काकी दारात उभी राहून बघत होती.

जेवणं झाली. निर्मलाबाईंनी एकदम विचारलं, "लिखा है, अल्पशा आजाराने. दीदी को कोई बीमारी नहीं थी. क्या हुआ था?"

मला हिंदीचं मराठी करायची गरज पडली नाही. काकीला सगळं समजलं होतं. तिनं पदर सावरला.

"बाळंतपनात गेली," ती म्हणाली. "सावनाची झड होती, रस्ते बंद. सासू म्हने दाई येईल, घरीच होईल. दाईच्यानं नाही झालं. मंग याईले निरोप धाडला, बैलगाडी घेऊन या, दवाखान्यात न्या लागते. हे गेटावर होते. पानी चढून राहिलं होतं. दुसरा मानूस येत नाही तोवर गेट सोडता येत नाही, सोडलं तं खालचे चार गावं बुडते. निरोप पोचला होता. हे निघाले नाही. सकारी आले. तं दोघंही गेले होते. ती बी अना पोटातला बी."

निर्मलाबाई रुमाल तोंडाशी धरून रडल्या. मग मराठीतच म्हणाल्या, "आमच्या आईनं मरेपर्यंत त्यांना शिव्या दिल्या. आम्हाला वाटलं, मारून टाकलं."

"त्याईनं बी सोताले तेवढ्याच देल्ल्या," काकी म्हणाली. "बरोबर केलं म्हनून त्याईले कोनी सांगतलं नाही, अना चूक केलं म्हनून बी नाही. मलेच सांगतलं त्याईनं हे. लगन झालं त्या सालीच. मंग पुन्हा कधी त्याच्यावर बोलले नाही."

"आणि तुम्ही? तुम्ही काय म्हणालात?"

काकीनं ताटं गोळा करायला घेतली. "मी काय म्हननार. मी म्हनलं, जेवून घ्या."

संध्याकाळच्या गाडीनं निर्मलाबाई गेल्या. जाताना त्यांनी सुलोचनाचा लहानपणीचा एक फोटो दिला, दोन वेण्या घातलेला. दुसऱ्या दिवशी काकी तो घेऊन दुकानात आली. फोटो लावून झाला तशी ती म्हणाली, "आता ते अल्पशा आजाराचं काढ. खरं काय ते लिव."

मी थबकले. "काकी, काकांनी लिहिलंय ते. विजयला तरी माहीत आहे का?"

"नाही."

"मग त्याला फोनवर आधी सांग."

"फोनवर मले असं बोलता येत नाही. वाचंल तो. लिव." आणि तिनं सांगितलं ते मी लिहिलं. सासूचं नाव घेऊ दिलं नाही. "ती तिच्या जमान्यातली होती. तिले काय माहीत." पावसाचं लिहिलं, गेटचं लिहिलं, निरोप पोचल्याचं लिहिलं. शेवटी ती म्हणाली, "लिव, ही गोष्ट त्याईनं जन्मभर कोनाले सांगतली नाही. मले सांगतली. भागरता." मी वाचून दाखवलं. तिनं मान हलवली आणि भिंतीला डोकं टेकून बसून राहिली. एवढी थकलेली ती मला त्याआधी कधी दिसली नव्हती. मी चहा मागवला. तिनं तो घेतला नाही.

दोन दिवसांनी विजयचा फोन आला. आवाज चढलेला. "ताई, हे कोणी टाकलं? बाबा गेले म्हणून काहीही लिहायचं का? काढून टाका ते आधी."

"आईनं सांगितलं," मी म्हटलं. "तिच्याशी बोल."

तो रविवारी गाडी घेऊन आला आणि घरी न जाता सरळ दुकानावर. काकी तिथंच होती. रविवारी गर्दी नसते. विजयनं माझ्या संगणकावर ते सगळं पुन्हा वाचलं, उभ्यानंच. मग बाकावर काकीच्या शेजारी बसला. टक्कल पडायला लागलेला, पोट सुटलेला माणूस, पण बसला तसा लहान दिसायला लागला.

"तू मला कधीच सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"तुझा बाप जिता होता."

"बाबांनी निघायला पाहिजे होतं का, आई?"

बाहेरून धानाची पोती भरलेला ट्रॅक्टर गेला. काकी रस्त्याकडे बघत म्हणाली, "मले नाही माहीत, विजय. मी लई विचार केला. भांडे घासता घासता केला, नाटक पाहता पाहता बी केला. निघाले असते तं ती वाचली असती, असं बी कोनी सांगू शकत नाही. ती वाचली असती तं मी तुमच्या घरी नसती आली, हे बी आहे." ती त्याच्याकडे बघत नव्हती. "आता तुले काढाचं असंल तं काढ. पन तुझी माय बिमारीनं नाही गेली. तुले जन्म देल्ला तिनं. ती कशी गेली ते तुले माहीत पाहिजे."

विजयनं ते काढलं नाही. त्यानं मला दुर्गचा फोन नंबर साइटवरून शोधून द्यायला सांगितला आणि बाहेर जाऊन, दुकानासमोरच्या कडुनिंबाखाली उभा राहून मावशीशी बोलला. काकी आतून बघत होती. तो बोलता बोलता शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत होता. "बोलून राहिला," ती मला म्हणाली, जसं काही मला दिसतच नव्हतं.

त्यानंतर तिचे गुडघे फारच दुखायला लागले. तळ्यावर जाणं सुटलं, मग दुकानात येणंही कमी झालं. दसरा झाल्यावर विजय तिला नागपूरला घेऊन गेला, आणि या वेळेस ती गेली. जाताना गाडी दुकानासमोर थांबवली. खाली उतरणं होत नव्हतं म्हणून मीच काचेपाशी गेले. मागच्या सीटवर दोन पिशव्यांच्या मधे ती बसली होती.

"सगळं उघडून पाहात जा," ती म्हणाली. "मी फोन करीन."

फोन ती करायची. दर आठवड्याला, बहुतेक दुपारी, मी डबा उघडला की. "काही आलं काय?" मी एका हातानं जेवत, दुसऱ्या हातानं पानं उघडत तिला वाचून दाखवायचे. ती काय उत्तर लिहायचं ते सांगायची. नाटकांचा मोसम सुरू झाला तशी तिला इथल्या मंडपांची खबर हवी असायची. नागपुरातलं तिला काही विचारलं तर म्हणायची, "घर चांगलं आहे. सून चांगली आहे. दिवसभर कोनी बोलाले नाही." हळूहळू तिला ऐकू कमी यायला लागलं. मी ओरडून वाचायचे आणि रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे.

होळीच्या आधी विजयचा फोन आला. आई झोपेतच गेली, म्हणाला. त्रास झाला नाही. मी दुकान बंद करून जाऊ शकले नाही, सासऱ्यांना त्या आठवड्यात ताप होता. तिचा फोटो विजयनं पाठवला तो मी साइटवर लावला. मजकूर त्यानं स्वतः लिहिला. चांगला लिहिला.

पण मला आठवतो तो तिचा शेवटचा फोन, त्याच्या काही दिवस आधीचा. दुपारच होती. सकाळपासून एका माणसानं माझं डोकं खाल्लं होतं, त्याचा अर्ज नामंजूर झाला तो माझ्यामुळेच, असं त्याचं म्हणणं. डबा उघडून बसले तोच फोन वाजला. मी सवयीनं पान उघडलं आणि म्हटलं, "काकी, नाटकाच्या पानावर दोन आलेत, वाचू का?"

"आज नको वाचू," ती म्हणाली. "तू कशी आहे ते सांग."

इतक्या वर्षांत दुकानात येणाऱ्या कोणी हे विचारलं नव्हतं. काकीनंही नाही. मी म्हटलं, "बरी आहे."

"मले ऐकू नाही आलं."

"बरी आहे, काकी."

"ऐकू नाही आलं. जोरानं सांग."

मग मी सांगायला लागले. सासऱ्यांच्या पाठीला जखमा झाल्यात ते, नवरा दर शनिवारी येऊन झोपूनच जातो ते, माझी मान दुखते ते, लोक कसे बोलतात ते. ओरडून सांगत होते, दार उघडं होतं, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. तिला त्यातलं किती ऐकू येत होतं कोण जाणे. ती मधे मधे हूं म्हणत होती. एकदा विचारलं, "पाठीले कापूर-तेल लावलं काय?" मी हो म्हटलं. सांगून संपलं तेव्हा माझा घसा बसला होता.

"बरं," ती म्हणाली. "आता जेव. घाई नको करू. लोकं थांबंल."

मी शटर खालपर्यंत ओढून घेतलं आणि जेवले.